निळा डाग तसाच ठेवल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानातून पाचही वह्या घेऊन निघाले, तेव्हा धड 'येते' एवढंही म्हणता आलं नाही. घसा भरून आला होता. तुम्ही तोवर पुढच्या गिऱ्हाइकाची कॉलेजची जर्नलं हातात घेतली होती. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम उघड लिहिते आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

त्या वह्या काय आहेत हे तुम्हाला आता माझ्याइतकंच माहीत आहे. पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये चित्रमालिकेतला चिंटू पहिल्यांदा आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून तो उभा केला. मी तेव्हा सात वर्षांची होते. सकाळी आई माझ्या वेण्या घालायची आणि बाबा समोर बसून चिंटूच्या चौकटी वाचून दाखवायचे, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून. चिंटूचा वेगळा, पप्पूचा वेगळा, मिनीचा तर नाकातून. मी हसले की मान हलायची, भांग वाकडा व्हायचा आणि आई दोघांवर रागवायची. पंधरा-वीस दिवसांनी बाबांनी ठरवलं की हे जपून ठेवायचं. आधीचे अंक रद्दीत गेले होते, तर ते शेजारच्या दोन घरांची रद्दी मांडी घालून उपसत बसले. कचेरीतल्या जाड हिशेबाच्या वहीत त्यांनी ती पहिली कात्रणं चिकटवली. खाली निळ्या शाईने तारीख, आणि कधीकधी एखादी ओळ. 'आज फार हसली.' 'ताप आहे, तरी वाच म्हणाली.' 'बगळ्या आवडतो, का ते सांगत नाही.'

हे जवळजवळ नऊ वर्षं चाललं.

बाबा स्वतः वेताळावर, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधल्या फँटमवर वाढलेले. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, तेव्हा ते शाळकरी होते. हा वेताळ मुळात पुस्तकातला नाहीच, वर्तमानपत्रातला आहे, हे त्यांना फार पुढे कळलं. ली फॉकने तो १९३६ मध्ये अमेरिकेतल्या पेपरांसाठी लिहायला घेतला. रोज तीन-चार चौकटी, आणि शेवटची चौकट अशा ठिकाणी थांबायची की उद्याचा पेपर घेतल्याशिवाय राहवू नये. एकच मालिका मध्यस्थ कंपनीमार्फत शेकडो पेपरांना विकली जायची. आपल्याकडे येताना वेताळाच्या देशाचं नावसुद्धा बदललं, डेंकाली झालं. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत चार्ली ब्राउन यायचा, डेनिस यायचा, तोही असाच बाहेरून. त्यातली मुलं बर्फात खेळायची आणि बेसबॉल हरायची. बाबांना ते सगळं आवडायचं, पण ते म्हणायचे, 'दुसऱ्याच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं.' चिंटू आला आणि खिडकी आपली झाली. त्याच्याकडे जोशीकाकू होत्या. त्याची परीक्षा माझ्या परीक्षेच्या सुमाराला यायची, आणि बाहेर पाऊस लागला की त्याच्याकडेही छत्र्या निघायच्या. आईला तो पेपरातला वाटतच नसे. शेजारचा, वरच्या मजल्यावरचा वाटायचा.

बाबा २०१६ मध्ये गेले. वह्या आईकडे, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत, पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईला शेजारच्या मुलांनी धरून वर नेलं. ट्रंक दोन दिवसांनी उघडली. त्या पाण्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही, लिहायला बसले तर हे पत्र तुमचं राहणार नाही.

वह्या सुकल्या त्या विटांसारख्या. पान पानाला चिकटलेलं, पुठ्ठा फुगलेला, वर पिवळट बुरशी. आणि मग सुरू झाल्या माझ्या फेऱ्या. एका दुकानात त्यांनी फडक्याची गाठसुद्धा सोडली नाही. 'चिंटूची पुस्तकं मिळतात की बाजारात, ती घ्या आणि हे टाकून द्या,' म्हणाले. दुसरीकडे, जुनी कागदपत्रं संगणकावर उतरवून देतात त्या ठिकाणी, वह्या ठेवून घेतल्या आणि तीन आठवडे फोन उचलला नाही. मी जाऊन उभी राहिले तेव्हा वह्या मोरीच्या भिंतीला टेकलेल्या होत्या. 'कणा कापून पानं सुटी करू, कडेचं अक्षर येणार नाही, नुसतं चित्र घेऊ,' असं ठरवूनही टाकलं होतं. माझ्या बापाचं अक्षर येणार नाही, हे मला सांगत होते, विचारत नव्हते. एका जागी तर मला थेट सांगितलं की ही कात्रणं म्हणजे काही दस्तऐवज नव्हेत. मी वह्या छातीशी धरून घरी आले आणि आईला खोटंच सांगितलं की काम सुरू झालंय.

तुमच्याकडे मी आले ती भाचीचा प्रबंध बांधायला. वह्यांचा विषय माझ्या तोंडून कसा निघाला आठवत नाही. तुम्ही म्हणालात, 'आणा तर खरं, बघू.' दुसऱ्या दिवशी आणल्या. तुम्ही हात धुतले, पंच्याला पुसले, मग वही उघडली. नुसती कड बोटाने चाचपलीत आणि पहिला प्रश्न विचारलात, 'खळ घरी केलेली का?' होय काका, घरी केलेली. मैद्याची, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तुमचा चेहरा उजळला. 'मग सुटतील. फेविकॉल असतं तर आशा नव्हती.' गेल्या कित्येक महिन्यांत बाबांनी काहीतरी बरोबर केलं होतं असं म्हणणारे तुम्ही पहिले.

पुढे तुम्ही काय काय केलंत ते तुमचं तुम्हाला. टिपकागद, ओलसर फडकी, दाबाखाली ठेवलेल्या चळती, एवढंच मला येता-जाता दिसायचं. चार महिने लागले आणि एकदाही मला घाई वाटू दिली नाहीत. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती तुमच्याशिवाय कुणाला कळलीच नसती. कात्रणं सुटली तेव्हा त्यांच्या पाठी दिसल्या. इतकी वर्षं खळीखाली झाकलेल्या. पेनाची शाई पाण्यात गेली होती, बहुतेक तारखा धुऊन निघाल्या होत्या, आणि चळतीतली कात्रणं इकडची तिकडे झाली होती. चित्रं मात्र शाबूत, कारण छापखान्याची शाई तेलाची, ती पाण्याला जुमानत नाही, हे तुम्हीच समजावलंत. तर तुम्ही त्या पाठी वाचत बसलात. अर्ध्या मथळ्यावरून, सिनेमाच्या जाहिरातीच्या तुकड्यावरून क्रम लावलात. एकावर खग्रास सूर्यग्रहणाचं काहीतरी होतं, म्हणजे ऑक्टोबर १९९५. एकावर ईडन गार्डनवरच्या उपांत्य सामन्याच्या दोन ओळी, म्हणजे मार्च १९९६. आणि एका कात्रणाच्या पाठीवर किल्लारीच्या बातमीचा फाटका तुकडा.

तो तुकडा तुम्ही माझ्या हातात दिलात तेव्हा दुकानात कुणी बोललं नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप. मी नऊ वर्षांची होते. त्या दिवसांत बाबा पहिलं पान आधी वाचायचे, मग बराच वेळ गप्प, मग हलक्या आवाजात चिंटू. आवाज न बदलता. मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत. ते कात्रणही त्यांनी कापलं, चिकटवलं, खाली तारीख घातली. पुढे चिंटू, मागे किल्लारी. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांना ही पाठ नाही. त्या पहिल्या दुकानदाराला आता मी हे सांगू शकते.

पण हे पत्र मी लिहिते आहे ते यासाठीही नाही. ते दुसऱ्या वहीतल्या एका पानासाठी आहे.

त्या पानावर बाबांनी नेहमीपेक्षा जास्त लिहिलं असावं. पाण्याने ती सगळी शाई पसरून चार बोटं रुंद निळा डाग झाला होता, कात्रणाच्या खालच्या कडेवर चढलेला. अक्षर एकही लागत नाही. तुम्ही मला फोन करून बोलावून घेतलंत. त्याच दिवशी, संध्याकाळी, तेवढ्याच एका गोष्टीसाठी. पान टेबलावर होतं. तुम्ही डागाला बोट लावलं नाहीत, टोच्याच्या मुठीने लांबून दाखवलंत आणि म्हणालात, 'ताई, हा मला बराचसा काढता येईल. कात्रण स्वच्छ होईल. पण हे वडिलांचं लिहिणं आहे. काढू का ठेवू?'

मला बोलता येईना. मी नुसतीच मान हलवली, आणि ती नेमकी कशासाठी हलवली ते तुम्हाला कळलं. 'ठेवू,' असं तुम्हीच म्हणालात, आणि पान परत टिपकागदाखाली सरकवलंत.

काका, मला कुणी विचारलंच नव्हतं. इतक्या जणांकडे गेले. कुणी टाकायला सांगितलं, कुणी कापायचं ठरवलं, कुणी हे काहीच नाही म्हणून मोकळं झालं. त्या डागात आता एकही शब्द वाचता येत नाही हे तुम्हालाही दिसत होतं. तरी तो तुमच्या लेखी लिहिणंच होता.

अशी माणसं मला फार थोडी भेटली. बाबांच्या शेवटच्या दिवसांत एक परिचारिका होती, विशीतली असेल. बाबांना शुद्ध नव्हती. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढण्याआधी ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, 'आजोबा, घड्याळ काढते हं.' मग क्षणभर थांबली, जणू ते हो म्हणतील. तिला परत कधी भेटता आलं नाही आणि तिचे आभार मानायचे राहून गेले. तुमच्या दुकानात त्या संध्याकाळी मला ती आठवली. कुणी बघत नसताना, समोरून उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना, विचारून हात लावणारी माणसं. तुम्ही म्हणाल, यात विशेष काय. मला आहे.

पाचव्या वहीबद्दल लिहायचं राहिलं. त्यात चिंटू नसलेलं एकच कात्रण आहे आणि तुम्ही विचारलं होतंत की हे गृहस्थ कोण. ते चार्ल्स शुल्झ, चार्ली ब्राउनचे चित्रकार. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी ती मालिका एकट्याने काढली, हाताखाली मदतनीस न ठेवता. शेवटचा रविवारचा भाग १३ फेब्रुवारी २००० ला छापून आला आणि आदल्या रात्री ते गेले. बाबा दोन दिवस त्याबद्दलच बोलत होते. त्याच वर्षी जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला आणि त्यानंतर वहीत एकही कात्रण नाही. चिंटू येत होता, पेपर येत होता. मला वाटायचं बाबांना कंटाळा आला असेल. आईने परवा, वह्या घरी आल्यावर सांगितलं. मी सकाळी घाईने क्लासला पळायला लागले होते, वेण्या माझ्या मीच घालत होते. बाबा पेपर घेऊन बसायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे.

त्या वहीची मागची एकतीस पानं कोरी आहेत. ती कापून टाकली असती तर बांधणी सोपी गेली असती, हे मला भाचीच्या प्रबंधामुळे एवढं कळतं. तुम्ही तीसुद्धा एकेक सुटी करून, सुकवून, शिवून दिलीत. आई रोज दुपारी वह्या काढते. वाचून झालं की शेवटी ती कोरी पानंही उलटते, सगळी, आणि मग वही मिटते. वह्या आता ट्रंकेत नाहीत, भिंतीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर आहेत.

या २१ नोव्हेंबरला तुम्ही आणि काकू घरी या. आईची फार इच्छा आहे. जिना नाही, घर तळमजल्यावरच आहे. येताना तुमचा जाड भिंगाचा चष्मा आणा. तिसऱ्या वहीतल्या एका कात्रणाची जागा आम्हाला अजून नक्की वाटत नाही. पाठीवर अर्धी बेरीज आणि 'मंडई' एवढाच शब्द आहे. आई म्हणते ९४, मी म्हणते ९७. तुम्ही बघून सांगा.

तुमची,
वह्यावाल्यांची मुलगी