पार नदी मोकळी राहावी म्हणून

नाशिक,
१२ ऑगस्ट

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. "पाण्यावरच्या विजेला ना धूर, ना राख, मग तुमचा विरोध कशाला?" एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची राख बघत वाढलेल्या आपल्याला हा प्रश्न पडणारच. तरी मला तुझं म्हणणं पटत नाही.

जलविद्युत धरणात विजेची मागणी वाढली की पाणी सोडायचं, नाहीतर अडवून ठेवायचं. त्यामुळे धरणाखालचं पात्र दिवसा उघडं पडतं आणि संध्याकाळी अचानक लोंढा येतो. उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या माशांनी काय करायचं? बुडालेलं जंगल पाण्याखाली कुजतं, त्यातून मिथेन निघतो. गाळ भिंतीमागे अडकतो, आणि दूर नदीच्या मुखाशी किनारा खचू लागतो. नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्यात गाळ साचत गेला, पाणथळ तयार झाली, पक्षी आले. २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. मला ती जागा फार प्रिय आहे. पण तो गाळ खालच्या गोदावरीच्या वाट्याचा होता, हेही खरंच.

आपले नळ आणि द्राक्षबागा गंगापूर-दारणावर चालतात, ती धरणं हवीतच. माझी तळमळ सुरगाण्याच्या डोंगरातून निघणाऱ्या पार नदीसाठी आहे. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पात सात धरणं आखली होती. झरीचं आपल्या जिल्ह्यात, बाकीची गुजरातेत. काही ठिकाणी वीजघरंही होती. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याचं नाव आलं आणि आदिवासी बांधव रस्त्यावर उतरले. मे महिन्यात गुजरात सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं. पण नुसत्या घोषणेवर नदी टिकत नाही रे. सरकार बदललं, पाण्याची ओरड वाढली की जुने नकाशे पुन्हा टेबलावर येतात.

म्हणून कायद्याचं कुंपण हवं. केरळात कुंतिपुळा नदीवरचं धरण टळलं, पण तिथलं सायलेंट व्हॅलीचं जंगल खऱ्या अर्थाने सुरक्षित झालं ते १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर. अल्बानियाने व्योसा नदीवर धरणं बांधायचे बेत बाजूला ठेवून २०२३ मध्ये ती नदीच राष्ट्रीय उद्यान केली. आणि लांब कशाला जायचं? २०१२ साली गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा पट्टा पर्यावरणसंवेदनशील जाहीर झाला आणि तिथे मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना बंदी आली. पारच्या वरच्या खोऱ्यासाठी हीच मागणी करायची, असं आमचं ठरतंय. २५ मेगावॅटपेक्षा लहान जलविद्युत प्रकल्पांना तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीच लागत नाही, तेव्हा छोट्या प्रकल्पांसाठीही हे कुंपण हवंच.

आता तुझ्याकडे काम. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली की मराठीत मिळतो तो फक्त पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश. प्रवाहाचे आणि बुडिताचे तपशील इंग्रजी अहवालात राहतात. तू जलविद्युतमध्ये इतकी वर्षं काढलीस. पावसाळ्यात किती पाणी वाहतं, उन्हाळ्यात किती उरतं, त्यातलं किती सोडायलाच हवं, हे असे अहवाल कसे मांडतात आणि त्यात काय तपासायचं, ते चार पानांत साध्या मराठीत लिहून दे. सुरगाणा-पेठच्या गावांत वाचून दाखवायचंय. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, आपण दोघं मिळूनच जाऊ.

वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
विलास