हस्तकलेच्या सदरात जोडाबद्दलही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर येणारे हस्तकलेचे सदर मी न चुकता वाचते. रिबीन, लाकडाचे तुकडे, रिकामे डबे, जुने कपडे यांतून काहीतरी करून बघा, असे मुलांना सांगणारे पान आजही छापले जाते याचा मला मनापासून आनंद आहे. माझे वडील सुतारकाम करायचे. मी स्वतः बरीच वर्षे शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झाले. म्हणून या विषयावर जरा हक्काने लिहिते आहे.

तक्रार एकच आहे. तयार वस्तू कशी दिसेल याचा मोठा फोटो सदरात असतो, पण ती जोडायची कशी हे कधीच नीट सांगितलेले नसते. बरणीला रिबीन चिकटवा, डब्याभोवती काड्या चिकटवा, पुठ्ठ्यावर कापड चिकटवा, एवढ्यावर काम भागवलेले असते. मूल घरात सापडेल तो डिंक लावते. दुसऱ्या दिवशी रिबीन लोंबत असते, काड्या निखळलेल्या असतात, आणि आपल्या हातात कलाच नाही अशी त्या मुलाची समजूत होते. वर्गात अशी हिरमुसलेली तोंडे मी पाहिली आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे, कारण त्या मुलांच्या हातांत काहीच कमी नव्हते. कशाला काय धरते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

लाकूडकामाचा पांढरा डिंक घ्या. त्यातले पाणी लाकडाच्या, कागदाच्या, सुती कापडाच्या तंतूंमध्ये मुरते, मग उडून जाते आणि डिंक तंतूंना घट्ट धरून बसतो. काच आणि पत्रा पाणी पीत नाहीत, त्यामुळे तिथे तो वाळला तरी पापुद्र्यासारखा सुटून येतो. लाकडाला लाकूड जोडतानासुद्धा किमान अर्धा तास दाबून ठेवावे लागते आणि पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. दाबायला शिकंजा नसेल तर दोरी गुंडाळावी किंवा वर जाड पुस्तकांची चळत ठेवावी. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसावा. तो वाळला की त्या जागी रंग किंवा पॉलिश चढत नाही आणि डाग कायमचा राहतो. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाला तंतूंची तोंडे उघडी असतात, ती डिंक पिऊन टाकतात. तिथे आधी पातळ हात द्यावा, तो मुरू द्यावा आणि मग दुसरा हात देऊन जोडावे. एवढे कळले तरी निम्म्या वस्तू निखळायच्या थांबतील.

दुसरा प्रकार म्हणजे गरम डिंकाची पिस्तूल. हल्ली प्रत्येक कृतीत ती असतेच. काम पटकन होते हे मान्य, पण उष्णतेने वितळणारा डिंक उष्णतेनेच सैल पडतो. उन्हाच्या खिडकीत ठेवलेली वस्तू काही दिवसांत सुटू लागते आणि गुळगुळीत काचेवरून तर तो नखानेही निघतो. शिवाय पिस्तुलीतून येणारा डिंक प्रकाराप्रमाणे साधारण १२० ते १९० अंश सेल्सियस इतका तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. लहान मुलांच्या पानावर तो सुचवताना शेजारी मोठे माणूस हवे, ही ओळ ठळक अक्षरांत असायला हवी.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. काचेची बरणी, पत्र्याचा डबा, पुठ्ठ्याचे खोके या वस्तू एकेकट्या असतात तेव्हा त्यांचा पुन्हा कच्चा माल होऊ शकतो. बरणीवर गरम डिंक, थर्माकोल, प्लॅस्टिकचे मणी आणि चमकी थापली की ती धड शोभेची राहत नाही, धड भंगारातही जात नाही. चमकी तर बहुतेक प्लॅस्टिकचीच असते, धातूचा मुलामा दिलेले बारीक कण. ते झाडून गोळा होत नाहीत, पाण्याबरोबर वाहून जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीची विक्री बंद केली ती याच कारणाने. पर्यावरणाच्या नावाखाली मुलांकडून आपण नेमके उलटे काम करून घेतो, हे मला फार सलते. जुन्या वस्तूपासून नवी वस्तू करायची तर ती पुन्हा सुटी करता आली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी बांधणे, ओवणे, विणणे, शिवणे, खाचेत बसवणे हे जोड मुलांना शिकवायला हवेत. डिंक शेवटचा.

टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन हेच दाखवले. नळीच्या दोन तोंडांत दोन काड्या खुपसल्या की जोड तयार, ओढल्या की सुटा. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही आणि चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो, हे मुलाला बोटांनीच कळते. खर्च जवळपास नाही आणि मोडले तर पुन्हा करता येते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरच्या माणसाचा गौरव झाल्यासारखे वाटले होते.

पत्र्याच्या डब्याचे उदाहरण घ्या. त्यावर रिबीन चिकटवण्यापेक्षा काठाजवळ भोके पाडून ती ओवावी. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की डबा चेपतो, म्हणून आधी त्यात पाणी भरून ते गोठवावे. आतून बर्फाचा टेका मिळतो आणि भोक स्वच्छ पडते. बर्फ वितळल्यावर आतल्या बाजूला पत्र्याची धार वर आलेली असते. ती कानशीने घासलीच पाहिजे, नाहीतर बोट कापते आणि रिबीनही. मग ओवलेली रिबीन कधीही काढून धुता येते, बदलता येते, आणि डबा डबाच राहतो.

रिबिनीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण सदरात तिचे फक्त फूल होते. कापलेले टोक उसवते ही सगळ्यांची अडचण. रिबीन कृत्रिम धाग्याची असेल तर टोक तिरके कापून मेणबत्तीच्या ज्योतीच्या बुडाशी, निळसर भागाजवळ क्षणभर न्यावे. धागे वितळून एकमेकांत बसतात. वरच्या पिवळ्या भागात नेले तर काजळी धरते. सुती किंवा रेशमी रिबिनीला हे चालत नाही, ती वितळत नाही, जळते. ओळखायची असेल तर एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवावा. कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो, सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, रेशमाला केस जळल्याचा. सुती रिबिनीचे टोक दुमडून शिवावे. ज्योतीचे काम अर्थातच मोठ्यांनी करायचे. आणि विकतची रिबीन हवीच असेही नाही. जुन्या टी-शर्टच्या आडव्या पट्ट्या कापून प्रत्येक पट्टी ताणली की तिच्या कडा आत वळतात आणि मऊ गोल दोरी तयार होते. विणीचे कापड असल्याने ती सुटत नाही. रंगीत दोऱ्यांचा ढीग एका दुपारी होतो.

पण रिबिनीची खरी ताकद मला दिसते ती बिजागरी म्हणून. लाकडी चौकोनांची आणि फितीची एक जुनी खेळण्यातली शिडी आहे. सारख्या मापाचे सहा लाकडी चौकोन एकाखाली एक ठेवायचे, साधारण सात बाय पाच सेंटिमीटरचे, जाडी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. तीन फिती लागतात, दोन कडेच्या आणि एक मधली. कडेच्या दोन्ही फिती एका चौकोनाच्या पुढून आणि त्याखालच्या चौकोनाच्या मागून अशा ओवत न्यायच्या. मधली नेमकी उलटी, जिथे त्या पुढे तिथे ही मागे. डिंक लावायचा तो फक्त चौकोनांच्या जाडीवर. सपाट अंगावर एक थेंबही लागता कामा नये, कारण फीत तिथे मोकळी असेल तरच चौकोन दोन्ही बाजूंना उलटतो. फीत ताणून बसवली तर शिडी अडते, फार ढिली ठेवली तर वाकडी लोंबते. साटीन रिबिनीतून डिंक पाझरून डाग दिसतो, म्हणून आडव्या बारीक रेघांची जाडसर रिबीन किंवा सुती फीत घ्यावी. डिंक पूर्ण वाळल्यावर वरचा चौकोन धरून उलटवायचा. एकामागून एक चौकोन उलटत जातात आणि एखादा चौकोन घसरत तळाला पोहोचला असे वाटते. प्रत्यक्षात सगळे आपापल्या जागीच असतात. मुलांचे डोळे चौकोनावर खिळतात, मग हळूहळू फितीकडे जातात, आणि कोणती फीत आता ओझे धरते आहे हे ती मोठ्याने सांगू लागतात. या एका खेळण्यात मापन आहे, घासकाम आहे, धीर आहे आणि बिजागरीचे शास्त्र आहे. सदरात आजवर ते आलेले नाही.

लाकडाबद्दल दोनच गोष्टी. घासायचे ते नेहमी रेषांच्या दिशेने, आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. आडवे घासले की उठलेले ओरखडे पॉलिश लावल्यावर जास्तच दिसतात. आणि पातळ फळीत खिळा मारायचा तर त्याचे टोक आधी हातोडीने किंचित बोथट करावे. अणकुचीदार टोक तंतूंमध्ये पाचरीसारखे घुसून फळी चिरते, बोथट टोक तंतू चेपत जाते. वडिलांनी मला हे अगदी लहानपणी शिकवले होते.

जुने लाकूड घरी आणताना मात्र सावध राहायला हवे. माल वाहून नेणाऱ्या लाकडी चौकटींवर, म्हणजे पॅलेटवर, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शिक्का असतो. त्यात एच-टी ही अक्षरे असतील तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेले असते, सामान्यतः गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे. एम-बी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला असतो. ते लाकूड मुलांच्या हातात देऊ नये. जुन्या दाराखिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा घासू नये. जवसाच्या तेलाने पॉलिश करायला वापरलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेले फडके आपोआप पेटू शकते. ती बाहेर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. यातली एकही सूचना मी सदरात वाचलेली नाही.

फिनलंडमध्ये १८६६ साली शाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकाम आले, तेव्हापासून युरोपाच्या त्या भागात मुले शाळेत वापरायच्या वस्तू करत आली. आपल्याकडे वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला. दोन्हीकडे मुलाच्या हातून होणारी वस्तू उपयोगाची असावी, हा आग्रह होता. आज शाळेत प्रकल्प म्हणून येणाऱ्या वस्तू आदल्या रात्री पालक करतात किंवा तयार संच आणून जोडतात, गुण मिळाले की त्या कचऱ्यात जातात. वर्तमानपत्राचे पान हे बदलायला नक्की हातभार लावू शकते, कारण ते थेट मुलाच्या हातात पडते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. प्रत्येक कृतीसोबत डिंकाचे नेमके नाव आणि वाळायला लागणारा वेळ छापावा. 'पाच मिनिटांत करा' असे मथळे बंद करावेत. ज्या कामाला दोन दिवस लागतात त्याला दोन दिवस लागतात असे मुलांना सांगितले तर ती पळून जात नाहीत, उलट दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. जोडाचे एक छोटे रेखाचित्र फोटोशेजारी असावे. चमकी आणि थर्माकोल लागणाऱ्या कृती घेऊ नयेत. आणि महिन्यातून एकदा घरातली मोडलेली वस्तू दुरुस्त करण्याची कृती द्यावी, सुटलेल्या खुर्चीच्या पायापासून उसवलेल्या पिशवीच्या बंदापर्यंत.

लाकडी शिडीची मापे, फिती ओवण्याचे रेखाचित्र आणि पायऱ्या मी कागदावर तयार ठेवल्या आहेत. आपल्या पानाला उपयोगी वाटल्यास विनामोबदला पाठवीन. सुटीचे दिवस सुरू होण्याआधीच्या अंकात ते घेता आले तर मुलांना करून पाहायला निवांत वेळ मिळेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हस्तकला शिक्षिका