पावसालाही घड्याळ द्या!

संपादक महोदय,

2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्याच लोकांना बोटीतून काढावं लागलं. आता पावसाने बुडवायचंच ठरवलं असेल, तर निदान सरकारी भरपाईच्या निकषात बसून बुडवावं.

महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला तरच अतिवृष्टी. पण पाऊस मोजण्याचा दिवस बदलतो सकाळी साडेआठला. पहाटेपासून साडेआठपर्यंत 50 आणि पुढे दुपारपर्यंत 50 पडला, तर रानात 100 मिमी, कागदावर अतिवृष्टी नाहीच! शिवाय सगळ्या मंडळाला पर्जन्यमापक एक आणि ढग फुटणार दोन शिवारांवर. त्या मापकाच्या नरसाळ्यात पाला नाहीतर कोळ्याचं जाळं अडकलेलं; झाड-भिंत उंचीच्या दुप्पट लांब हवी, ती खेटूनच.

65 मिमी म्हणजे एकरी सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी. काळ्या रानात ते लवकर मुरत नाही, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात.

गावोगाव मापक बसवा, नरसाळं दर आठवड्याला साफ करा आणि कोणतेही सलग 24 तास धरा. तोवर ढगांनाच साडेआठची वेळ कळवावी, ही विनंती.

— एक शेतकरी, औसा (जि. लातूर)