दिल्यास, सात महिन्यांनी

बडोदे,
रविवार, पहाटे साडेचार

प्रिय दिल्या,

सात महिने ना पत्र, ना फोन, आणि आता एकदम हे चोपडं. काय शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे, मग वाच. आईचे गुडघे तसेच, माझी साखर थोडी वर, बाकी ठीक.

मी बीओईला, तुझ्याच त्या बॉयलर ऑपरेशन इंजिनियरच्या परीक्षेला, बसतोय. हसू नकोस. तू पास झालास तेव्हा 'सर्टिफिकेट भिंतीला टांगून बॉयलर पेटतो का रे?' असं दांडिया बाजारच्या कट्ट्यावर चारचौघांत मीच म्हणालो होतो, आणि तू तीन आठवडे अबोला धरलास. घेतले शब्द मागे. पण स्कूटरचे पैसे तू अजून दिलेले नाहीस, ते मी विसरलेलो नाही.

झालं असं की बॉयलरची हीटिंग सरफेस, म्हणजे आच लागणारा पृष्ठभाग, हजार चौरस मीटरच्या वर असली की बीओईवाला माणूस लागतोच. आमच्याकडे तो आलाय. वय अठ्ठावीस. पोरगा बरा आहे, मला 'काका' म्हणतो, तेच जास्त लागतं. बॉयलर मी लावतो, सही तो करतो. बाहेर चौकशी केली तर सगळीकडे पहिला प्रश्न एकच, 'बीओई आहे का?' डिप्लोमावाल्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, माझ्याकडे एकोणीस आहे. म्हणजे मीच नुसता बसून राहिलो.

अभ्यासाची गंमत ऐक. माळ्यावरून तुझ्या नोट्स काढल्या, उंदरांनी इकॉनॉमायझरचा धडा खाल्लाय, सुपरहीटरचा शाबूत आहे. पंधरा दिवस कलमं घोकली आणि मग कळलं की 1923चा कायदाच गेला, 2025चा नवा आलाय. चिरंजीव म्हणाले, 'बाबा, शंभर वर्षं होता तेव्हा नाही वाचलात, गेल्यावर वाचताय?' घरात जागा नाही म्हणून रविवारी मांडवीला सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसतो. ती काचेची फरशी आठवते? खालच्या मजल्यावर उजेड जावा म्हणून घातलेली. तू तिच्यावर पाय ठेवायला घाबरायचास. मी तुला भित्रा म्हणायचो.

आता जे लिहायचंय ते. गेल्या रविवारी तिथेच जुन्या पेपरातला एक प्रश्न समोर आला: गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसत नाही, काय कराल? मला उत्तर येतं. आधी फायरिंग बंद. फीडला, म्हणजे आत पाणी सोडायला, हात लावायचा नाही, कारण ट्यूब उघड्या पडून तापल्या असतील तर पाणी पडताच त्याची झटकन वाफ होते, धातू आकसतो, आणि मग बॉयलर तुमचा राहत नाही. पाच ओळींचं उत्तर. तीन ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. पुढे काही सुचेना. खाली जाऊन शेव-उसळ खाल्ली, दोनदा तरी घेतली, तरी नाही.

कारण त्या रात्री माझा हात फीडच्या व्हॉल्व्हवर होता, दिल्या. तीन-चाळीसला. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच दिसायला सारखीच, हे आता मी पोरांना शिकवतो. तेव्हा मी काचेचा ड्रेन उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. लो-लेव्हलची ट्रिप, पाणी उतरलं की आपोआप आग बंद करणारी, उगीच पडते म्हणून बायपास केलेली, तीही मीच, संध्याकाळी, तुला न सांगता. तू मनगट धरलंस ते इतकं जोरात की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं. बायकोला मी सांगितलं, दारात सापडलं.

पण मनगटाचं नाही लिहीत. लॉगबुकाचं लिहितोय. 'लेव्हल दिसेना, फायरिंग बंद' लिहून खाली तू तुझी सही केलीस. शिफ्ट माझी होती. मेमो तुला आला. चार महिन्यांनी तू पुण्याला गेलास, स्टेशनवर मी भाकरवडीचा पुडा दिला आणि 'बरं झालं, पगार जास्त आहे' म्हणालो. गेली तेरा वर्षं मी तेच म्हणतोय. तू नोकरीसाठी गेलास, असं सगळ्यांना सांगतो. आईलाही.

नवं घर फोटोत पाहिलं, बाल्कनी छान आहे. चिऊचं अ‍ॅडमिशन झालं ना? वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांचं लोणचं संपलंय हेही.

मला भीती लेखीची नाही, तोंडीची आहे. समोरचा सहज विचारेल, 'असं कधी प्रत्यक्ष पाहिलंय का?' नाही म्हणालो तर एकोणीस वर्षांचा अनुभव कसला? हो म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, 'मग तुम्ही काय केलंत?' तिथे पुन्हा तुझं उत्तर माझ्या नावावर सांगू?

आणि एक. सही का केलीस? तेव्हा विचारलं नाही, कारण तू खोडशील अशी भीती वाटली होती. फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा स्कूटरचंच काढीन. लिही.

तुझा,
मन्या