टोकन देण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबांनी पाठवलेले माहितीपत्रक मिळाले. कराडचे घर विकून पुण्यात सिंहगड रस्त्यावर किरकटवाडीच्या बाजूला, बावीस मजली इमारतीत फ्लॅट घ्यावा आणि माझ्याजवळ राहायला यावे, हा तुमचा विचार वाचून मला मनापासून आनंद झाला. फोनवर हा विषय निघाला की आईचे मन भरून येते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, म्हणून लिहून कळवते आहे. या महिन्यात टोकन देऊ नका. माझा आक्षेप फ्लॅटला नाही आणि इमारतीच्या उंचीलाही नाही. ती इमारत ज्या हद्दीवर उभी राहते आहे, तिथल्या कारभाराला आहे.

बाबांनी लिहिले आहे की आता हा भाग महानगरपालिकेत आला आहे, तेव्हा पाण्याची चिंता नाही. कागदावर हे खरे आहे. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली अकरा गावे घेतली आणि जून २०२१ च्या अखेरीस आणखी तेवीस. किरकटवाडी, नांदेड आणि खडकवासला ही त्या तेवीसांतलीच. पालिकेचे क्षेत्र ५१६ चौरस किलोमीटरच्या आसपास गेले आणि मुंबईलाही मागे टाकल्याच्या बातम्या मोठ्या कौतुकाने छापून आल्या. मात्र पुढच्याच महिन्यात राज्य शासनाने या तेवीस गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) नेमणूक केली. बांधकामाचे नकाशे मंजूर करून त्याचे शुल्क घेणारे कार्यालय एक आणि पाणी, ड्रेनेज, रस्ते यांसाठी रहिवासी ज्याच्या दारात जाऊन उभे राहणार ते कार्यालय दुसरे, अशी ही व्यवस्था होती. त्याच सुमारास, डिसेंबर २०२० मध्ये, राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाल्यामुळे वाढीव एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात करता येणारे बांधकाम) घेऊन उंच इमारती बांधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले होते. मजले भराभर चढत गेले. जलवाहिनी मात्र निविदा, भूसंपादन आणि अंदाजपत्रकातली तरतूद यांतून वाट काढत येते, आणि तिला वर्षे लागतात. (हद्दीचा तरी काय भरवसा? २०१७ मध्ये पालिकेत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली.)

पाण्याचा हिशेब बाबांनी स्वतःच करून पाहावा. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष माणशी दिवसाला १३५ लिटर असा आहे. दोनशे फ्लॅट आणि घरटी चार माणसे धरली, तर एका इमारतीला रोज सुमारे एक लाख आठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर लागतात. ग्रामपंचायतीच्या काळातल्या योजना गावठाणाची लोकवस्ती डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या होत्या. अशा एका इमारतीची गरज भागवतानाच त्यांची दमछाक होते, आणि इथे तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींची रांग लागली आहे. आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला पहिला टँकर येतो. वॉचमन त्याचा नंबर आणि वेळ वहीत लिहितो, टँकरवाला जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो, आणि कमिटीतले एक निवृत्त गृहस्थ टाकीत काठी बुडवून पाणी किती चढले ते पाहतात, कारण टँकर अर्धाच रिकामा करून निघून जाण्याचा प्रकार इथे घडून गेला आहे. हा सगळा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि उन्हाळ्यात तो वाढतो. बाबांचे पेन्शन मात्र उन्हाळ्यात वाढत नाही.

यातली विसंगती अशी की खडकवासला धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. धरणातले पाणी आमच्या परिसराला ओलांडून पर्वती आणि वडगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांत जाते, तिथे शुद्ध होऊन जुन्या शहराला मिळते, आणि धरणाच्या पायथ्याच्या गावांना ते शुद्ध पाणी मिळत नाही. जानेवारी २०२५ मधल्या जीबीएसच्या (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) साथीच्या वेळी आईने मला रोज फोन करून पाणी उकळायला सांगितले होते, ते आठवत असेलच. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली, आणि त्यातला मोठा वाटा सिंहगड रस्त्यावरच्या याच पट्ट्यातला होता. नांदेडच्या ज्या विहिरीतून आसपासच्या गावांना पाणी दिले जात होते, तिथे ते गाळण्याची यंत्रणा नव्हती. क्लोरीन मिसळून तेच पाणी नळाला सोडले जात होते. एरवी धट्टीकट्टी असणारी माणसे त्या साथीत अतिदक्षता विभागात गेली. तुमच्या वयाला हा धोका कितपत पेलवेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात लिहिते. आलेल्या पाण्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, आणि मोठ्या प्रकल्पांनी ते आपल्या आवारातच शुद्ध करावे असा नियम आहे. यंत्रणा बसवलेली असते. पण सोसायटीच्या ताब्यात आल्यावर विजेचे बिल पाहून ती बंद ठेवली, तर ते पाणी नाल्यातून मुठेत जाते आणि कोणी विचारत नाही. रस्त्याचे म्हणाल, तर खडकवासल्यापासून शहरात यायला भरवशाचा मार्ग सिंहगड रस्ता हा एकच. शहराच्या बाजूला उड्डाणपुलांनी थोडा दिलासा दिला आहे, परंतु नांदेड फाट्याच्या पुढे सायंकाळी रुग्णवाहिकेलाही वाट काढावी लागते, आणि बाबांची हृदयाची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची असते.

विक्री कार्यालयातल्या मुलाने ‘महारेराची नोंदणी आहे’, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे प्रकल्प नोंदवलेला आहे, असे सांगितले, ते बरोबरच असेल. मात्र त्या नोंदणीने नळाला पाणी येईल असे ठरत नाही. पालिकेचा पुरवठा सुरू होईपर्यंत विकसक स्वखर्चाने पाणी देईल, असे हमीपत्र अशा प्रकल्पांच्या परवानगीच्या वेळी घेतले जाते. ते हमीपत्र तुमच्या हाती आले पाहिजे. त्यात माणशी किती लिटर, किती काळ आणि सोसायटी स्थापन झाल्यानंतर खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते बाबांनी आपल्या कार्यालयीन सवयीने ओळ न् ओळ वाचून पाहावे. आमच्या विकसकाने भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळताच हात झटकले, आणि आमच्यापैकी कोणाकडेही त्या हमीपत्राची प्रत नव्हती.

माझी विनंती अशी आहे की कराडचे घर तूर्त विकू नये. एप्रिलच्या शेवटी दोघांनी माझ्याकडे यावे आणि पाऊस सुरू होईपर्यंत इथेच राहावे, कारण दिवाळीत पाहिलेली सोसायटी आणि मे महिन्यातली सोसायटी यांत फार फरक असतो. त्यानंतरही तुमचे मन इथेच रमले, तर मी आड येणार नाही. मात्र धायरी फाट्याच्या अलीकडे, पालिकेचे शुद्ध पाणी येत असलेल्या एखाद्या जुन्या चार मजली इमारतीतला फ्लॅटही आपण तेवढ्याच गंभीरपणे पाहू. माहितीपत्रकातला जलतरण तलाव तिथे मिळणार नाही, आणि आईला तो नकोच आहे.

विकसकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. बाबांनी त्यात हव्या त्या दुरुस्त्या कराव्यात, ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत चेकबुक कपाटातच ठेवावे.

तुमची,
पुण्याची लेक