आजोबांची मॉरिस

बांदिवडे, फोंडा

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

तू स्विंडनहून पाठवलेला ब्रेकच्या रबरांचा संच पोचला, बसवूनही झाला. गाडी चालू झाली हे तुला फोनवर कळवलं, पण एक गोष्ट राखून ठेवली होती. ती लिहूनच सांगायची होती.

मॉरिसचं इंजिन गेलं म्हणून ती मांगराच्या छपराखाली पडली, असं आपण सगळेच धरून चाललो होतो. आजोबा तसंच सांगत. पण इंजिन गेलेलं नव्हतंच.

मेस्त्रींनी आधी मला चावीला हात लावू दिला नाही. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडं डिझेल ओतलं आणि आठ दिवस तसंच मुरू दिलं. नवव्या दिवशी पुढून हँडल घालून हलक्या हाताने हलवलं, तर फिरलं की! कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तोही चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखा. १९५९ सालचं ९४८ सीसीचं इंजिन, तीस पावसाळे अंगावर घेऊन शाबूत राहिलेलं. टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, सीटमध्ये उंदरांनी घरं केली होती, दारांखालचे उंबरे गंजून हाताने तुटत होते. ते सगळं निस्तरलं. बॅटरी जोडायला आलेला मुलगा वजा टोक बॉडीला लावणार होता, मेस्त्री धावत आले. या गाडीत बॉडीला अधिक टोक लागतं. मग चावी फिरवली आणि पेट्रोलचा पंप टक टक टक करू लागला. कार्बोरेटर भरला की तो आपोआप थांबतो. लहानपणी शाळेला उशीर झाला की मी त्या आवाजाकडे कान लावून बसायचे. तो थांबला आणि मला रडू आलं.

ब्रेकचं काम शेवटी घेतलं. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या पोटात असतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा. आतली भिंत गंजून खरवडलेली, रबर फाटलेलं, थेंबभर ऑइल नाही. चारही चाकांना मिळून एकच लाइन, त्यामुळे तिथे गळती झाली की पेडल थेट खाली जातं. मेस्त्री म्हणाले, “बाय, ही गाडी इंजिनामुळे नाही थांबलेली.” मग त्यांनी हँडब्रेकची केबल दाखवली. तिच्या निम्म्याहून अधिक तारा तुटल्या होत्या.

तेव्हा मला १९९२ ची ती दुपार आठवली. आजोबा चालवत होते, मी मागे, तू माझ्या मांडीवर, दोन वर्षांचा. फर्मागुढीचा उतार. त्यांचा पाय सारखा पेडलवर आपटत होता. मग त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि गाडी कडेच्या चरात घातली. तू झोपेतून जागाही झाला नाहीस. “गिअर अडकला,” इतकंच ते म्हणाले आणि बराच वेळ स्टिअरिंगला धरून बसले. दुसऱ्या दिवशी गाडीवर ताडपत्री पडली.

आणि ते या गाडीला किती जपत! १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळल्यावर म्हापशाला आत्याकडे जायचं तर फेरीबोटीची ही लांब रांग. तिथेही ते कापड काढून बॉनेट पुसत उभे राहायचे. अशा माणसाने पुन्हा एकदाही तिच्याखाली वाकून पाहिलं नाही. आम्ही कोणी विचारलंही नाही. मी तरी विचारायला हवं होतं.

एकाने जुनं इंजिन काढून मारुतीचं बसवायला सुचवलं. मी नाही म्हटलं. हेच इंजिन राहील.

कागदपत्रं व्हायची आहेत, म्हणून अजून रस्त्यावर नेलेली नाही. काल मांगरातून अंगणापर्यंत मी स्वतः चालवली. वृंदावनाच्या चार हात अलीकडे ब्रेक दाबला. पेडल घट्ट लागलं, गाडी जागच्या जागी थांबली. मग मागे घेऊन पुन्हा तसंच केलं. पाच वेळा केलं.

वळताना दिशा दाखवायला दारामागच्या खांबातून जो हात बाहेर येतो, त्यातला डावा येतो, उजवा अडकतो. तिकडे मिळाला तर पुढच्या पार्सलात पाठव. १९६१ च्या आधीच्या मॉडेलचा, बारा व्होल्टचा.

तुझी,
आई