वाडा पडला, भाडेकरू कुठे?

दांडिया बाजारातला आमच्या शेजारचा वाडा गेल्या महिन्यात पाडला. चौकातलं तुळशीवृंदावन तेवढं ढिगाऱ्यात उभं आहे. माडीवर पोळ्या लाटून संसार चालवणाऱ्या काकू आता वाघोडिया रोडला राहतात. डब्यांची गिऱ्हाइकं मात्र इथलीच, म्हणून रोज दोन रिक्षा बदलतात. 1947 चा मुंबई भाडे कायदा गुजरातेतही चालतो. घर पाडून नवं बांधलं, तर भाडेकरूला त्यात जागा मिळण्याची सोय त्यात आहे. पण रोख रक्कम हातावर टेकवून सही घेतली, की कायदा कोण वाचतो? (आम्हीही वाचला नव्हता.) महापालिकेने रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) देण्याआधी जुन्या भाडेकरूंची यादी मागावी आणि नकाशात त्यांच्या खोल्या कुठे आहेत ते बघावं.

– एक भाडेकरू, दांडिया बाजार, बडोदे